मालदीव : शेजाऱ्याची मदत आणि शेजाऱ्याची धास्ती

आजचा विषय आहे शेजारी देशांमधले संरक्षण सहकार्य आणि सागरी सुरक्षा. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर मोघम बोलणे फार सोपे असते. म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते नीट पाहू. उदाहरण भारत आणि मालदीव यांचे.

आपल्यापुढचा प्रश्न असा आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी भारताला 'सैन्य पाठवा' अशी विनंती केली. भारताने त्याच रात्री ते पाठवले आणि त्यांचे सरकार वाचले. २०२३ च्या नोव्हेंबरात, बरोबर पस्तीस वर्षांनी, त्याच देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी भारताला सांगितले की तुमचे सैनिक परत न्या. ते सैनिक शंभरसुद्धा नव्हते. हेलिकॉप्टर आणि विमान चालवणे, आजारी माणसाला दूरच्या बेटावरून इस्पितळात पोहोचवणे, समुद्रावर नजर ठेवणे, ही त्यांची कामे. मग असं का झालं?

आपल्याकडे याचे उत्तर एका शब्दात दिले जाते : कृतघ्नपणा. दुसरे उत्तरही एका शब्दाचे : चीन. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. चीनचा वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बाहेरचा माणूस घरात तेव्हाच शिरतो, जेव्हा घरातले आणि शेजारचे यांच्यात आधीच काहीतरी बिनसलेले असते. ते काय बिनसले हे समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागेल.

आधी भूगोल. मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटे, आणि त्यांतली दोनशेच्या आतबाहेर वस्तीची. उत्तर-दक्षिण लांबी आठशे किलोमीटरांहून जास्त. सगळी जमीन एकत्र केली तर साधारण ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मी. आणि समुद्र किती? आंतरराष्ट्रीय कायद्याने मिळणारे विशेष आर्थिक क्षेत्र जवळजवळ नऊ लाख चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र तीन लाख आठ हजारांचा. म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील एवढा समुद्र, आणि तो राखायला पाच लाखांच्या आसपास माणसे. त्यांत मुले आली, म्हातारे आले, सगळे आले. हा हिशेब एकदा मनात बसला की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. एवढा समुद्र एवढ्या माणसांना एकट्याने राखता येणार नाही. कुणाची तरी मदत घ्यावीच लागेल. प्रश्न फक्त कुणाची आणि कोणत्या अटींवर, एवढाच उरतो.

आता भारताच्या बाजूने बघा. लक्षद्वीपचे दक्षिणेकडचे टोक म्हणजे मिनिकॉय. तिथून मालदीवचे उत्तरेकडचे बेट सव्वाशे-एक किलोमीटरवर. मधल्या पाण्याला आठ अंशांची खाडी म्हणतात, कारण ती आठ अंश अक्षांशावर आहे. मिनिकॉयच्या उत्तरेला नऊ अंशांची खाडी. आखातातून आणि सुएझकडून येऊन पूर्वेकडे जाणारी जहाजे या वाटांनी जातात. त्यात तेलाची जहाजे असतात, मालाची असतात. म्हणजे मालदीव आपल्यासाठी केवळ सहलीची जागा नाही. ते आपल्या समुद्री रस्त्याच्या कडेचे घर आहे. मिनिकॉयची माणसे जी भाषा बोलतात ती मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली. १९७६ साली दोन्ही देशांनी सागरी सीमा ठरवून घेतली, आणि त्याच वर्षी श्रीलंकेसह तिघांची सीमा जिथे मिळते तो बिंदूही करार करून निश्चित केला. शेजाऱ्यांनी बांध वेळेवर मोजून घेतला की अर्धी भांडणे होत नाहीत, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पण बांध मोजला तरी आठवणी पुसल्या जात नाहीत. मालदीवच्या इतिहासात समुद्राकडून काय काय आले, ते थोडक्यात पाहू.

समुद्राकडून व्यापार आला. आपण 'कवडीमोल' म्हणतो, 'फुटकी कवडी' म्हणतो, तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. हिंदुस्थानात चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा भाग मालदीवच्या उथळ खाजणांमधून येत असे. बंगालमध्ये कवड्या जायच्या आणि तिकडून तांदूळ यायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी तिथे काही काळ काझी होता, आणि त्याने या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे.

समुद्राकडून आरमारेही आली. चोळ राजा राजराज याच्या शिलालेखांत समुद्रातली बारा हजार जुनी बेटे जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि ती बेटे म्हणजे मालदीव असे बहुतेक अभ्यासक मानतात. १५५८ मध्ये पोर्तुगीजांनी माले घेतले. १५७३ मध्ये मुहम्मद ठाकुरुफानू याने त्यांना हाकलले. त्याची आठवण हाच आज मालदीवचा राष्ट्रीय दिन. मग १७५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावरच्या कण्णूरहून अली राजाचे लोक आले. त्यांनी माले घेतले, सुलतानाला कैद करून नेले, आणि स्थानिकांनी लढून त्यांना घालवले. इथे आपण जरा थांबू या. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग नाही. त्यांच्या पुस्तकात आहे. आपल्या लेखी मलबार म्हणजे आपलाच एक किनारा. त्यांच्या लेखी तो परचक्राचा एक उगम. दोन शेजाऱ्यांचा इतिहास एकच असला तरी स्मरण वेगवेगळे असते.

पुढे १८८७ साली ब्रिटिशांशी करार झाला. कारभार सुलतानाचा, परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांकडे. दक्षिणेच्या अड्डू बेटांवर गान येथे ब्रिटिश हवाई दलाने तळ केला. २६ जुलै १९६५ रोजी मालदीव स्वतंत्र झाला तरी तो तळ पुढे काही वर्षे राहिला आणि १९७६ मध्ये रिकामा झाला. लगेच पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाने तो भाड्याने मागितला. मालदीवने नकार दिला. म्हणजे परक्या सैन्याचा तळ नको ही भावना २०२३ साली कुणी नव्याने शिकवलेली नाही. तिला परंपरा आहे.

आता १९८८ कडे येऊ. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते मौमून अब्दुल गय्यूम. त्यांच्याविरुद्ध १९८० मध्ये आणि १९८३ मध्ये कट झाले होते. तिसरा कट अब्दुल्ला लुतुफी या मालदीवच्याच व्यापाऱ्याने रचला. त्याने माणसे आणली ती श्रीलंकेतल्या 'प्लोट' या तमिळ सशस्त्र संघटनेची. ३ नोव्हेंबरच्या पहाटे ऐंशीच्या आसपास भाडोत्री सैनिक मालेत उतरले. राजधानीतल्या मोक्याच्या इमारती त्यांच्या हाती गेल्या. पण राष्ट्रीय सुरक्षा सेवेचे मुख्यालय शेवटपर्यंत पडले नाही आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना सापडले नाहीत. गय्यूम एका घरातून दुसऱ्या घरात लपत राहिले आणि त्यांच्या सरकारने अनेक देशांकडे मदत मागितली. वेळेवर पोहोचू शकेल असा देश एकच होता.

दिल्लीत पंतप्रधान राजीव गांधी यांनी निर्णय घेतला. आग्र्याहून ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे जवान दोन इलुशिन विमानांत बसले. नेतृत्व ब्रिगेडियर फारूख बुलसारा यांचे. मालदीवमधले आपले उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी योगायोगाने दिल्लीत होते. तेही बरोबर निघाले. असे सांगतात की नियोजनाच्या वेळी विमानतळ म्हणून जे छायाचित्र पुढे ठेवले होते ते हुलहुलेचे नव्हते, गानचे होते, आणि ही गोष्ट बॅनर्जींनी लक्षात आणून दिली. आपण या किश्श्यावर हसतो. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे : शेजारी इतका जवळचा, आणि त्याच्या दाराचे चित्रसुद्धा आपल्याकडे धड नव्हते.

विमाने दोन हजारांहून जास्त किलोमीटर न थांबता उडाली आणि रात्री हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. विमानतळाचे बेट वेगळे, मालेचे बेट वेगळे, मध्ये पाणी. जवान बोटींनी पलीकडे गेले आणि पहाटेच्या आत राष्ट्राध्यक्ष सुरक्षित झाले. लुतुफी आणि त्याचे साथीदार 'प्रोग्रेस लाइट' हे मालवाहू जहाज ताब्यात घेऊन, ओलीस धरून, श्रीलंकेच्या दिशेने पळाले. ओलिसांत मालदीवचे एक मंत्री आणि त्यांची पत्नीही होती. नौदलाच्या गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी त्यांचा माग काढला आणि ६ नोव्हेंबरला जहाज अडवले. गोदावरी ही आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली. या साऱ्या प्रकरणात एकोणीस माणसे दगावल्याची नोंद आहे. त्यांत बहुतेक हल्लेखोर होते, पण ओलिसांनीही जीव गमावले.

ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते आणि ती तशी सांगण्याजोगी आहेही. पण एक गोष्ट आपण सहसा गाळतो. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटांना भारतातच आश्रय मिळाला होता, अनेकांना प्रशिक्षणही मिळाले होते. एका शेजाऱ्याकडच्या भांडणात घातलेली शस्त्रे दुसऱ्या शेजाऱ्याच्या दारात कशी निघाली, हे १९८८ ने दाखवले. समुद्रावर कुंपण नसते. तिथे कुणाच्याही घरात पेटलेली ठिणगी कुठेही जाऊन पडते. सागरी सुरक्षा एकट्या देशाची असू शकत नाही याचे खरे कारण हेच आहे.

आणि आता आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो सैन्य गेल्याचा नाही, सैन्य परत आल्याचा आहे. बहुतेक जवान काही दिवसांतच परतले. सुमारे दीडशे जण विनंतीवरून राहिले, आणि वर्षभरात तेही परत आले. याच वेळी श्रीलंकेत काय चालले होते ते आठवा. १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे गेली होती. तीही कराराने गेली, तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने गेली. पण काम बदलत गेले. शस्त्रे खाली ठेवून घ्यायला गेलेली सेना लढाईत अडकली, बाराशेच्या आसपास जवान गेले, श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष बदलले, प्रेमदासांनी 'परत जा' म्हटले, आणि १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली. दोन शेजारी, एकच काळ, एकच सेना, एकच पंतप्रधान. एका ठिकाणी यश, दुसऱ्या ठिकाणी जखम. शौर्यात फरक नव्हता. फरक एवढाच की मालदीवमध्ये बोलावणारा कोण, काम कोणते आणि ते कधी संपणार, या तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. श्रीलंकेत तिन्ही धूसर झाल्या.

गय्यूम यांनी स्वतः १९८८ मधून काय धडा घेतला? भारत आहे, आता चिंता नाही, असा नाही. त्यांनी लहान राष्ट्रांच्या सुरक्षेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, आणि १९८९ च्या डिसेंबरात आमसभेने लहान राज्यांच्या संरक्षणाविषयी ठराव केला. त्याच वर्षी मालेत समुद्राची पातळी वाढण्याच्या धोक्यावर लहान राष्ट्रांची परिषद भरली. ज्याला वाचवले गेले तो दुसऱ्या दिवसापासून विचार करत होता की पुन्हा कुणी वाचवण्याची वेळ येऊ नये. यात कृतघ्नपणा नाही. स्वाभिमानी माणूस असाच विचार करतो.

यानंतर पंचवीस-तीस वर्षे सहकार्याची इमारत हळूहळू उभी राहिली. १९९१ मध्ये दोन्ही देशांच्या तटरक्षकांचा 'दोस्ती' हा सराव सुरू झाला. २०१२ पासून श्रीलंका त्यात आली. या सरावात काय करतात? बुडणाऱ्याला शोधणे, जहाजावरची आग, तेलगळती, चाच्यांशी मुकाबला. समुद्रावर रोज लागणाऱ्या गोष्टी. २००४ च्या त्सुनामीत आपले नौदल मदतीला गेले. त्या मोहिमेचे नाव 'कॅस्टर'. २००६ मध्ये आपण 'तिलांचांग' ही गस्ती नौका मालदीवला दिली आणि तिथे तिचे नाव 'हुरावी' झाले. मग २००८ चा २६ नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यानंतर समुद्राकडे पाहण्याची दिल्लीची दृष्टीच बदलली. २००९ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी मालेला गेले. हेलिकॉप्टर देणे आणि किनाऱ्यावर टेहळणीची रडारे बसवणे यावर बोलणे झाले. पुढच्या वर्षी 'ध्रुव' हेलिकॉप्टर तिथे पोहोचले. सोमाली चाचे तोपर्यंत लक्षद्वीपच्या पाण्यापर्यंत येऊ लागले होते. २०११ मध्ये पकडलेल्या कितीतरी जणांवर मुंबईच्याच न्यायालयात खटले चालले. २०१४ च्या डिसेंबरात मालेच्या पाणी गोडे करण्याच्या संयंत्राला आग लागली आणि राजधानीचे पिण्याचे पाणी तुटले. तेव्हा आपण विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले. चहूकडे समुद्र आणि प्यायला घोटभर नाही, अशा वेळी शेजारी धावून आला.

मग एवढे सगळे असताना बिघडले कुठे? इथे आपण मदत आणि वास्तव्य यांत फरक केला पाहिजे. घराला आग लागली तेव्हा शेजारी कुलूप तोडून आत शिरला, तर आपण त्याचे पाय धरू. पण आग विझल्यावर तो ओसरीवर खाट टाकून बसला, तर? तो चांगला माणूस असेल, घराची राखणही करत असेल. तरीही दोन-चार दिवसांनी घरच्या माणसाला विचारावेसे वाटेल की हे घर कुणाचे? संकटात मदत मागणाऱ्याचा मान जात नाही. रोजच्या व्यवहारात परक्याचा गणवेश दिसत राहिला की तो जातो आहे असे वाटू लागते. वाटणे खरे की खोटे, हा वेगळा मुद्दा. राजकारण वाटण्यावर चालते.

त्यात मालदीवचे अंतर्गत राजकारण मिसळले. २००८ मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक होऊन मोहम्मद नशीद आले, २०१२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, आणि २०१३ मध्ये त्यांनी काही दिवस मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयातच आश्रय घेतला. आता भारताचे नाव प्रत्येक पक्षाच्या तोंडी आले. एकाचा मित्र म्हणून, दुसऱ्याचा वैरी म्हणून. अब्दुल्ला यामीन राष्ट्राध्यक्ष असताना २०१८ च्या फेब्रुवारीत आणीबाणी आली. सरन्यायाधीश अटकेत, आणि खुद्द गय्यूमसुद्धा अटकेत. काळाचा खेळ बघा : १९८८ मध्ये ज्यांना वाचवले ते तुरुंगात, आणि तुरुंगात टाकणारा त्यांचाच सावत्र भाऊ. नशीद यांनी भारताने लष्करी पाठबळासह दूत पाठवावा अशी मागणी केली. आपल्याकडेही काही जण म्हणत होते, १९८८ पुन्हा करा. भारताने केले नाही. आमच्या मते हा निर्णय १९८८ च्या निर्णयाइतकाच मोलाचा होता. कारण या वेळी बोलावणारे सत्तेवरचे सरकार नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात मतदारांनीच यामीन यांना घरी बसवले. जे काम तिथल्या लोकांचे होते ते लोकांनी केले.

इब्राहिम सोलिह यांच्या काळात सहकार्य पुन्हा वाढले. २०२१ च्या फेब्रुवारीत उथुरु थिला फल्हू या ठिकाणी मालदीवच्या तटरक्षक दलासाठी बंदर बांधण्याचा करार झाला. संरक्षणासाठी पाच कोटी डॉलरचे कर्जही ठरले. मात्र कराराचा सगळा तपशील जनतेसमोर आला नाही. संरक्षणाचे करार सगळेच खुले करता येत नाहीत, हे मान्य. पण लहान देशात अशी गुप्तता सहन होत नाही. पाच लाखांच्या वस्तीत बातमी अर्ध्या दिवसात सगळीकडे जाते. आणि बातमी नसेल तर अफवा जाते. हे बंदर नव्हे, भारताचा तळ आहे, अशी अफवा गेली. 'इंडिया आउट' ही मोहीम यावर वाढली. २०२२ मध्ये सोलिह यांनी तिच्यावर आदेश काढून बंदी घातली. बंदी घातल्याने घोषणा थांबत नाही, ती मतपेटीपर्यंत जाते. २०२३ च्या निवडणुकीत मोहम्मद मुइझ्झू निवडून आले, १७ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, आणि सैनिक परत न्या ही मागणी आली.

पुढे काय झाले ते बघा. १० मे २०२४ पर्यंत सैनिक परतले. हेलिकॉप्टर आणि विमान मात्र तिथेच राहिले. ती चालवायला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे नागरी तंत्रज्ञ गेले. म्हणजे यंत्र तेच, काम तेच, रुग्ण तेच. बदलला फक्त गणवेश. मग एवढा आटापिटा गणवेशासाठी का? आम्ही म्हणू, होय, गणवेशासाठीच. गणवेश हे सार्वभौमत्वाचे दिसणारे रूप आहे. आपण स्वतः दीडशे वर्षे परक्या गणवेशाखाली काढली. हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये.

आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून एक जुना प्रसंग सांगतो. महाभारतात द्रोण आपल्या गुरुकुलातल्या मित्राकडे, द्रुपदाकडे जातो. द्रुपद आता राजा आहे. तो म्हणतो, मैत्री बरोबरीच्यांत होते. या अपमानातून केवढे वैर वाढले ते आपल्याला ठाऊक आहे. द्रुपदाचे विधान वस्तुस्थिती म्हणून चूक नव्हते. ते दोघे बरोबरीचे नव्हतेच. चूक ही झाली की असमानता समोरच्याच्या तोंडावर मारली. भारत आणि मालदीव कधीच बरोबरीचे होणार नाहीत. एकशे चाळीस कोटी आणि पाच लाख. अशा वेळी मैत्री टिकवण्याची मोठी जबाबदारी कुणाची? ज्याला आपला आकार लपवता येत नाही त्याची.

कौटिल्याचे मंडल सगळ्यांना माहीत असते : लगतचा शेजारी तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. हा नियम केवळ मोठ्या राजांनाच लागू आहे असे आपण नकळत धरून चालतो. मालेत बसून हेच मंडल काढून पाहा. मध्यभागी माले, लगतचा शेजारी भारत, पलीकडचा चीन. कौटिल्य वाचलेला मालदीवचा मंत्री काय करेल ते आपल्याला लगेच दिसते. २०२४ च्या मार्चमध्ये मालदीवने चीनशी लष्करी मदतीचा करार केला, तुर्कस्तानाकडून ड्रोन घेतले, यात आश्चर्य नाही. लहान देश एकाच खांबाला दोर बांधत नाही.

पण याच मंडलाची मर्यादाही दिसते. खवळलेल्या समुद्रात सापडलेली होडी शोधायला पेकिंगहून कुणी दोन तासांत येत नाही. तिजोरी रिकामी झाली की कुणाकडे जायचे हेही भूगोलच ठरवतो. २०२४ मध्ये मालदीवची परकीय गंगाजळी आटली. ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीत आले. चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची व्यवस्था झाली, आणि आर्थिक व सागरी सुरक्षा भागीदारीचा आराखडा दोघांनी मान्य केला. २०२५ च्या जुलैत, मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी, आपले पंतप्रधान मालेत पाहुणे होते, आणि ४,८५० कोटी रुपयांच्या कर्जाची घोषणा झाली. 'इंडिया आउट' म्हणत निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनीच हे स्वागत केले.

म्हणून आता सगळे ठीक झाले असे समजायचे का? तसे समजणे घाईचे होईल. पुन्हा निवडणूक येईल, पुन्हा वारा फिरेल. आपण माणसांवर, म्हणजे अमुक आपला आणि तमुक त्यांचा यावर, सहकार्य उभे केले तर ते दर पाच वर्षांनी ढासळेल. ते चौकटीवर उभे करायला हवे. भारत, श्रीलंका आणि मालदीव यांच्या सुरक्षा सल्लागारांच्या बैठका २०११ मध्ये सुरू झाल्या, २०१४ नंतर थंडावल्या, २०२० मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि कोलंबो सुरक्षा परिषद म्हणून आकाराला आल्या. मॉरिशस आला, मग २०२४ मध्ये बांगलादेशही आला. अशा व्यासपीठाचा फायदा हा की तिथे मालदीव एका मोठ्या शेजाऱ्यासमोर एकटा बसत नाही. चार जणांत बसतो. चार जणांत घेतलेली मदत उपकार वाटत नाही, ती वहिवाट वाटते. आणि 'दोस्ती' सराव सरकारे बदलली तरी चालू राहिला, हेही लक्षात घ्या. ज्या कामात दोघांनाही रोज उपयोग आहे आणि ज्यात लपवण्यासारखे काही नाही, ते काम टिकले.

एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी, म्हणजे नागरिकांसाठी. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीवरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अश्लाघ्य शेरे मारले. त्यांच्या सरकारने त्यांना निलंबित केले. पण तोपर्यंत आपल्याकडे समाजमाध्यमांवर एका अख्ख्या देशाला धडा शिकवण्याची लाट आली होती. सहली रद्द झाल्या, खिल्ली उडवली गेली, 'आम्ही नसतो तर १९८८ मध्ये काय झालं असतं' हे पुन्हा पुन्हा ऐकवले गेले. मंडळी, केलेली मदत बोलून दाखवली की ती मदत राहत नाही, ते येणे बाकी होते. आणि येणेकरी दारात आला की कुणालाही दार लावून घ्यावेसे वाटते.

तेव्हा यापुढे शेजारी देशाशी संरक्षणाचा एखादा करार झाल्याचे वाचले की आपण चार साधे प्रश्न विचारावेत. बोलावले कुणी? काम नेमके कोणते? ते संपणार कधी? आणि हे तिथल्या सामान्य माणसाला माहीत आहे का? १९८८ मध्ये या चारही प्रश्नांना उत्तरे होती. १९८७ मध्ये श्रीलंकेत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे हरवली. २०२१ मध्ये मालदीवमध्ये चौथ्याचे उत्तर अपुरे राहिले, आणि त्याची किंमत दोन्ही देशांनी मोजली.

समुद्र तिथेच राहणार आहे, आणि मिनिकॉयपासून मालदीवचे अंतरही तेवढेच राहणार आहे. पातळी वाढते आहे, ती दोन्हीकडच्या बेटांची वाढते आहे. पुढच्या पन्नास वर्षांत या शेजाऱ्यांना एकमेकांची गरज १९८८ पेक्षा जास्त लागेल. ती लागण्याआधी विश्वासाची सवय झालेली बरी.

आता आपले प्रश्न असतील तर घेऊ या.